मोहल्ल्याचा कॉम्प्युटर मोहल्ल्याच्या मालकीचा : रेडिओकडून काय शिकता येईल?

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबाद) अनेक मुतवल्लींच्या हातात एक पिशवी दिसायची. आत मुंतखब, जुन्या सनदा, गॅझेटची झेरॉक्स, सातबारा. 'उम्मीद' पोर्टलवर वक्फ मालमत्तांची नोंद ६ डिसेंबरपर्यंत करायची होती. मुदत संपली तेव्हा सरकारने आकडे दिले : देशभरात ५ लाख १७ हजार मालमत्तांची नोंद सुरू झाली, मंजूर झाल्या २ लाख १७ हजारांच्या आसपास. पोर्टल अडकतं, ही तक्रार सगळीकडूनच होती. पण आपल्याकडे आणखी एक अडचण होती, तिच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

निजामाच्या काळातला मुंतखब उर्दूत असतो. सायबर कॅफेतल्या मुलाला उर्दू येत नाही. ज्या चाचांना उर्दू वाचता येतं, त्यांना स्कॅनिंग येत नाही. मग एक वाचतो, दुसरा टाइप करतो, आणि नावात, सर्व्हे नंबरात चूक होते. एवढं करून काम झालंच, तर मशिदीचे कागद कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमध्ये राहतात आणि पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत. शंभर-दोनशे वर्षांची अमानत, आणि तिची किल्ली अशा माणसाकडे ज्याचं पूर्ण नावही आपल्याला माहीत नाही. त्या मुलाचा यात दोष नाही. दुसरी सोय आपण केलीच नव्हती.

हे सगळं बघताना आम्हाला रेडिओ आठवला. आजच्या पिढीला ठाऊक नसेल, पण स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांमध्ये जी पाच रेडिओ स्टेशनं होती, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोद्याबरोबर आपलं औरंगाबादही होतं. पुढे रेडिओ सरकारी झाला, घरोघरच्या सेटसाठी पोस्टात लायसन्सची फी भरावी लागायची. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना कंपन्यांची. २००८ मध्ये तेलंगणात जहीराबादजवळच्या माचनूरला दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. तोही आपल्यासारखाच जुन्या निजाम राज्यातला भाग. अमेरिकेत बर्कलीचं केपीएफए हे स्टेशन १९४९ पासून मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या वर्गणीवर चालतं. तिथल्या सरकारने २०२५ मध्ये सार्वजनिक प्रसारणाचा १.१ अब्ज डॉलरचा निधी काढून घेतला, तेव्हा अनेक स्टेशनं श्रोत्यांच्याच दारात गेली.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पैसे अनेकांनी थोडे थोडे द्यायचे, आणि ज्याने दिले नाहीत त्यालाही ऐकू द्यायचं. रेडिओ कधी पावती मागत नाही.

हे आपल्याला नवीन आहे का? पाणचक्कीला जाऊन या. डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर चक्की फिरवली, पीठ दळलं ते बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या मुसाफिरांसाठी आणि गरिबांसाठी. त्या काळातलं ते उत्तम तंत्रज्ञान होतं आणि कुणा सावकाराच्या नफ्यासाठी नव्हतं. आज त्याच आवारात राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालय आहे. उलट शहरातल्या बऱ्याच जुन्या नहरी बुजल्या, कारण साफ करायची जबाबदारी कुणाची हेच उरलं नाही. मशीन आणणं सोपं, राखणं कठीण.

म्हणून आम्ही सहकारी सोसायटीबद्दल बोलतोय. ट्रस्टमध्ये विश्वस्त ठरवतात, सोसायटीत एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० चा आहे. वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. लाभांशावरही कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे कमाईसाठी येणारा आपोआप दूर राहतो.

हिशेब करून बघू. २०० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर १० हजार होतात. यात पूर्ण पगारी माणूस बसत नाही, हे आधीच सांगतो. पण मशिदीची किंवा शाळेची खोली फुकट मिळाली, तर संध्याकाळचे तीन तास एक शिकलेली मुलगी, एक स्कॅनर, दोन कॉम्प्युटर आणि इंटरनेट एवढं निघू शकतं. बाहेरून येणाऱ्यांकडून फॉर्ममागे थोडी फी घ्यायची. स्कॉलरशिप, रेशन, आधार, जन्मदाखला. शेजारच्या गल्लीतले हिंदू बांधव आले तर त्यांचंही काम त्याच दरात. बेवा आणि यतीम यांच्याकडून काहीच नको.

धोकाही सांगायला हवा. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक सोसायटी आठवते? १९६९ ची, शेतकऱ्यांच्या मालकीची वीज वाटणारी संस्था. वीज मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि गावोगाव पोचवायची. कल्पना खरोखर मोठी होती. पण वसुली तोकडी पडत गेली, मंडळाची थकबाकी फुगत गेली, आणि २०११ मध्ये लायसन्स गेलं. सभासद मालक झाले, बिल मात्र दुसऱ्या कुणीतरी भरावं असं वाटत राहिलं. आपल्याकडेही जुम्म्याला चंदा भरभरून येतो आणि चौथ्या महिन्यात आटतो. त्यामुळे सहा महिन्यांची वर्गणी हातात आल्याशिवाय कॉम्प्युटर विकत घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जकातीचा प्रश्न हमखास येईल. जकातीचे आठ मसारिफ ठरलेले आहेत, त्यामुळे ती मशीन घ्यायला वापरायची का, हे आपल्या मुफ्तींना विचारा. वर्गणी आणि सदक्याला ती अडचण नाही. ठेवींवर व्याज देणंघेणंही टाळता येतं.

आपल्या शहरात असं छोटं सुरू होतं, हे आपण पाहिलंय. २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीने पुस्तकांपासून मोहल्ला लायब्ररी सुरू केली, आणि पाहता पाहता तशा लायब्रऱ्या इतर मोहल्ल्यांतही उघडल्या. पुस्तकाच्या कपाटाशेजारी एक टेबल आणि स्कॅनर बसू शकतो.

पहिलं काम फॉर्म भरायचं ठेवू नका. आधी मोहल्ल्यातल्या मशीद, कब्रस्तान, मदरशाचे मुंतखब स्कॅन करा. उर्दू वाचणाऱ्या बुजुर्गांना बाजूला बसवा, मुलीला मराठीत नोंद करू द्या. दोन हार्ड डिस्क घ्या, एक मशिदीत आणि एक वेगळ्या घरात. पासवर्ड तिघांकडे लिहून ठेवा, त्यातली एक बाई असू द्या. वाचणारे चाचा ऐंशीच्या पुढे गेलेत, हे काम या रमजानपर्यंत व्हायला हवं.