राघू, आत ये!
देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी. म्हणून कन्येच्या हट्टापायी आमच्या घरी आला तो कॉकाटील, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. नाव मात्र राघू! संध्याकाळी पंखे थांबवून, खिडक्या लावून त्याला तासभर मोकळा सोडायचा, असा नेम. बाहेर यायला त्याला निमंत्रण लागत नसे. आत जायचे म्हटले की स्वारी पडद्याच्या दांडीवर!

पहिले आठ दिवस मी टॉवेल घेऊन त्याच्यामागे धावलो. एकदा तो सापडला. चोच उघडून फूत्कारत होता, तुरा डोक्याला चिकटलेला, आणि इवलेसे काळीज माझ्या मुठीत धडधडत होते. दुसऱ्या दिवसापासून माझा हात दिसला की तो दूर सरके. कन्या माझ्याशी बोलेना.

मग सौभाग्यवतींनी कारभार हाती घेतला. सोडण्याआधी थोडा वेळ दाण्यांची वाटी काढून ठेवायची. राळ्याचे कणीस फक्त पिंजऱ्यात. तो आत गेला तरी लगेच दार लावायचे नाही. आत जाणे म्हणजे खेळ संपणे, हे त्याने पक्के हेरलेले असते ना! चार दाणे खाऊन पुन्हा बाहेर येऊ द्यायचे. (विद्यार्थ्यांना वर्गात टिकवण्याची ही युक्ती मला कधी सुचली नव्हती!) फारच उशीर झाला तर दिवा मंद करायचा, अंधारात तो उडायला धजत नाही.

तीन आठवड्यांनी राघू आपणहून आत शिरू लागला. माझ्या बोटावर मात्र अजून बसत नाही. रोज मी कणीस घेऊन उभा राहतो. तो तुरा उभारून पाहतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि थांबतो.