भाडेकरूंसह इमारत घेताय? ॲडव्हान्सचा हिशेब आधी करा

उदगीरच्या माणसाने बिदरमध्ये इमारत घेतली, तर तिथे महाराष्ट्राचा भाडे नियंत्रण कायदा लागू होत नाही. आणि मालक बदलला म्हणून भाडेकरू आपोआप निघत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०९ नुसार भाड्याचा हक्क नव्या मालकाकडे येतो. खरेदीआधीची थकबाकी मात्र जुन्याचीच. खरेदीची खबर नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर ते पुन्हा मागता येत नाही. म्हणून खरेदीखत होताच दोघांच्या सहीचं पत्र प्रत्येक भाडेकरूला द्या, पोच घ्या. ॲडव्हान्स कुणाचा किती, ते खरेदीआधीच लिहून घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून वळती करा. नाहीतर घर सोडताना भाडेकरू तुमच्याच दारात उभा राहील. करार कन्नडमध्ये असेल, तर जाणकाराकडून वाचून घ्या.