शिखरापासून पायाकडे

वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी बहुतेक लेणी समोरून डोंगराच्या पोटात कोरत नेलेली आहेत. १६ व्या क्रमांकाच्या कैलासाची रीतच वेगळी. इथे कारागीर डोंगरमाथ्यावर चढले आणि तिथून खाली उतरत गेले. म्हणूनच हे लेणे उघड्या आभाळाखाली, चारी बाजूंनी मोकळे, एखाद्या बांधीव मंदिरासारखे उभे आहे.

राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकाच्या उत्तरार्धात, या कामाला आकार आला. आधी डोंगरात तीन खोल चर खणले: दोन बाजूंचे लांब आणि मागे त्यांना जोडणारा आडवा. त्यामुळे मधोमध काळ्या पाषाणाचा एक प्रचंड ठोकळा सुटा झाला. आजचे प्रांगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागचा कडा शंभर फुटांहून उंच आहे. एवढ्या जागेतला, लाखो टन भरेल इतका दगड माणसांनी हातोडा-छिन्नीने फोडून बाहेर काढला.

वरून खाली येण्यात एक सोय होती. शिखर घडवायला परांची लागत नव्हती. खालचा न फोडलेला खडकच कारागिराच्या पायाखाली होता. पण धोकाही तेवढाच मोठा होता. बांधकामात चिरा फुटला तर दुसरा बसवता येतो, इथे तुटलेला भाग परत आणता येत नाही. शिवाय शिखर घडवत असतानाच खालचा नंदीमंडप, त्याला जोडणारे पूल, दोन बाजूंचे ध्वजस्तंभ आणि मंदिर पेलणारी हत्तींची रांग यांच्यासाठी नेमका किती दगड राखायचा, हे ठरलेले असणार. अख्खे मंदिर आधी कुणाच्या तरी डोक्यात पूर्ण उभे होते. त्याचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जवळचे नाते सांगतो. बांधीव मंदिराची ती घडण वेरूळच्या शिल्पींनी अखंड खडकात उतरवली.

या कामाची आठवण दोन ठिकाणी राहिली. पहिली राष्ट्रकूट घराण्यातल्याच कर्क सुवर्णवर्षाच्या इ.स. ८१२ च्या वडोदरा ताम्रपटात. एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावरचे मंदिर पाहून विमानातून जाणारे देव थक्क होतात आणि ते घडवणाऱ्या शिल्पकारालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटते, असा त्याचा आशय आहे.

दुसरी आठवण कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथातली. त्या कथेत एक राजा दुर्धर आजाराने ग्रासला, तेव्हा तो बरा झाल्यास शिवाचे मंदिर उभारीन आणि त्याचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही, असा नवस राणीने केला. राजा बरा झाला. पण शिखर म्हणजे सगळ्यात शेवटचे काम! शिल्पी हतबल झाले. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. त्याने डोंगराच्या माथ्यापासून काम सुरू केले आणि आठवड्याच्या आत राणीला शिखर दाखवले.

आठवड्याची मुदत कथेतलीच. पण शिखर आधी घडले, हे मात्र खरे आहे. पिढ्यान् पिढ्या सांगितल्या गेलेल्या गोष्टीने कामाची मूळ पद्धत अचूक जपली, आणि तिचे कारण लोकांना समजेल असे, एका उपाशी राणीच्या रूपाने दिले.

म्हणून कैलास माणसांनी घडवलेच नाही, कुठल्याशा अद्भुत यंत्राने घडवले, असे आज कोणी सांगू लागले की मन खट्टू होते. प्रांगणाच्या कड्यांवर छिन्नीचे उभे घाव आजही स्पष्ट दिसतात. ताम्रपटाने श्रेय राजाला दिले आणि शिल्पकाराला निनावी ठेवले. लोककथेने त्याला कोकस हे नाव दिले आणि पैठण हे गाव दिले. ते नाव इतिहासाच्या कसोटीवर उतरो वा न उतरो, मान योग्य माणसाकडे गेला आहे. वेरूळला गेलात तर आधी बाजूच्या वाटेने वर चढा. शिखर पहिल्यांदा तिथून पाहा, मग खाली उतरा. मंदिर ज्या क्रमाने घडले, त्याच क्रमाने ते समजत जाईल.