इन्सुलिन घेतल्यावर जेवायला थांबायचे कशासाठी?

मधुमेहाच्या बऱ्याच रुग्णांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, इंजेक्शन घेऊन अर्धा तास ताटकळत कशाला बसायचं? घेतलं आणि लगेच पानावर बसलं तर काय बिघडतं?" प्रश्न रास्त आहे. नुसते 'सांगितले तसे करा' म्हटले की ते चार दिवस पाळले जाते. कारण समजले की कायम पाळले जाते. म्हणून आज ते कारणच पाहू या.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे एक लहानसे प्रथिन आहे. शरीराची वाढ घडविणाऱ्या काही प्रथिनांशी त्याचे जवळचे नाते आहे. द्रावणात इन्सुलिनची दाटी झाली की त्याचे दोन-दोन रेणू एकमेकांना चिकटून जोड्या होतात. सोबत जस्त असले की अशा तीन जोड्या मिळून सहा रेणूंचा एक गट तयार होतो. या गटाची रचना ऑक्सफर्ड येथे डोरोथी हॉजकिन यांनी १९६९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडून दाखविली. पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेले आपले एम. विजयन तेव्हा त्यांच्या चमूत होते.

आपल्या स्वादुपिंडातही इन्सुलिन असेच सहा-सहाच्या गटाने साठविलेले असते. तेथून ते थेट वाहत्या रक्तात पडते, लगेच पातळ होते आणि गट सुटून एकेक रेणू मोकळा होतो. पेशीवर काम करतो तो हा एकटा रेणूच.

इंजेक्शनचे तसे नाही. बाटलीतले साधे, पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन (रेग्युलर) बहुतांशी सहाच्या गटात असते, आणि कातडीखाली त्याचे एक लहानसे तळे साचते. देवळाच्या अरुंद दारातून सहा जणांना हातात हात घालून जाता येत नाही, तसे हे मोठे गट रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून सहज आत शिरत नाहीत. तळे हळूहळू पातळ होते, सहाच्या जोड्या होतात, जोड्यांचे सुटे रेणू होतात, मग ते रक्तात पोचतात. यालाच सुमारे अर्धा तास लागतो. पुरता जोर यायला दोन ते चार तास.

माझे एक रुग्ण, निवृत्त एस.टी. कंडक्टर, इंजेक्शन घेताच जेवत. जेवणानंतरची साखर भरमसाट वाढलेली आणि दुपारी चारच्या सुमारास घाम, थरथर. डोस वाढवावा की कमी करावा? डोस ठीकच होता, वेळ चुकत होती. जेवणातली साखर आधी रक्तात येई आणि इन्सुलिन मागून. जेवण पचून गेले तरी इन्सुलिनचे काम चालूच राही. इंजेक्शन अर्धा तास आधी घेऊ लागल्यावर दोन्ही तक्रारी थांबल्या.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. १९९६ पासून वापरात आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केलेली आहे. त्यामुळे जोड्या घट्ट बसत नाहीत आणि कातडीखाली चटकन सुटतात. हे इन्सुलिन जेवणाच्या १५ मिनिटे आधी किंवा अगदी जेवायला बसताना घेतात. तेव्हा आपले इन्सुलिन कोणते आहे, हे डॉक्टरांना विचारून वेळ ठरवून घ्या. शेजाऱ्याची वेळ आपल्याला लागू पडेलच असे नाही.

एक चिकटणे मात्र वाईट. उन्हात तापल्याने किंवा जोरजोराने हलविल्याने इन्सुलिनचे रेणू असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. गोठलेले इन्सुलिनही निकामी होते. स्वच्छ इन्सुलिन गढूळ दिसले किंवा त्यात कण दिसले, तर ती बाटली टाकून द्या. फ्रीज नसेल तर बाटली कोरड्या डब्यात घालून मातीच्या भांड्यात, सावलीत, ओल्या वाळूवर ठेवावी. मुळातच दुधाळ असलेले इन्सुलिन हलवू नये, तळव्यांमध्ये हलकेच फिरवावे.

आता लग्नसराईतली गोष्ट. घरून इंजेक्शन घेऊन निघायचे आणि मांडवात पंगत दोन तास लांबायची, हे धोक्याचे आहे. जेवण नक्की केव्हा मिळेल हे कळल्यावरच इंजेक्शन घ्या. तरीही घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तडक दवाखान्यात न्या.