जुन्या गृहसंगणकांवरील नवी आज्ञावली आणि देवनागरीचा प्रश्न

बाजारातून केव्हाच नाहीशा झालेल्या गृहसंगणकांसाठी आजही नवे खेळ व नव्या आज्ञावली लिहिल्या जातात. प्रथमदर्शनी हा केवळ हौसेचा मामला वाटतो. परंतु त्यात अभ्यासकाच्या उपयोगाचे बरेच आहे. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम १९८२ मध्ये इंग्लंडात निघाला आणि १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवानाप्राप्त आवृत्ती भारतात आणली. त्याआधीच, १९८४ साली सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय योजनेतून बीबीसी मायक्रो आपल्या देशातील शाळांत पोचला होता. या यंत्रांचे उत्पादन थांबले, पण त्यांच्यावरील लेखन थांबले नाही.

आज हे लेखन आधुनिक संगणकावर होते, बहुधा सी भाषेत अथवा यंत्रसंकेतांत. एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावलीवर, ते तपासले जाते आणि शेवटी ध्वनिरूपाने मूळ यंत्रात भरले जाते. साधने नवी असली तरी बंधने जुनीच. स्पेक्ट्रमची स्मृती ४८ किलोबाइट. पडद्यावरील चित्रच तिच्यातील ६,९१२ बाइट व्यापते.

या बंधनांचा खरा अर्थ खानदेशातील एका उदाहरणाने कळेल. धुळे किंवा पश्चिम जळगावातील मुलांसाठी अहिराणी शब्दकोड्यांचा खेळ स्पेक्ट्रमवर रचावयाचा आहे, अशी कल्पना करू. यंत्राच्या कायम स्मृतीत केवळ रोमन वर्ण आहेत. वापरणाऱ्याला स्वतःची २१ चिन्हे घडविण्याची मुभा आहे. देवनागरीला ती उघडच अपुरी पडते. यास्तव २३६०६ या स्थानी नोंदलेला वर्णतक्त्याचा पत्ता बदलून ९६ चिन्हांचा नवा तक्ता द्यावा लागतो. प्रत्येक चिन्ह आठ ओळींचे, म्हणून असा तक्ता ७६८ बाइटचा होतो.

तथापि आठ ओळींत मात्रा, शिरोरेषा, अक्षराचा देह आणि खालचा उकार इतके सारे बसविले, तर देहाला जेमतेम चार ओळी उरतात. मग ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ ओळखू येईनासे होतात. शब्दकोड्यात हा दोष क्षम्य नव्हे. उपाय असा, की प्रत्येक अक्षर एकावर एक अशा दोन चौकटींत काढावे व वरच्या आणि खालच्या अर्धांसाठी दोन तक्ते ठेवावेत. १,५३६ बाइट खर्चून ९६ पूर्ण अक्षरे मिळतात. पडद्यावर मात्र २४ ऐवजी १२ ओळी राहतात. शिरोरेषा चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न्यावी, अन्यथा शब्द तुटक दिसतो.

पुढची अडचण अधिक सूक्ष्म आहे. अहिराणीतील ‘शे’, म्हणजे प्रमाण मराठीतील ‘आहे’, लिहिताना ‘श’वर मात्रा चढवावी लागते. बेसिक भाषेतील ‘ओव्हर १’ ही आज्ञा त्यासाठी सोयीची वाटते. पण आधी उजळलेल्या बिंदूवर दुसरा बिंदू पडला, तर ती दोन्ही विझविते! मात्रा जेथे शिरोरेषेला टेकते तेथेच शिरोरेषेला खिंडार पडते. म्हणून मात्रेच्या चिन्हातून शिरोरेषेची ओळ वगळावी, किंवा जोडणीचे काम यंत्रसंकेतांत स्वतः लिहावे. ऱ्हस्व वेलांटीचे तर निराळेच: ‘दिन’ या शब्दात ती उच्चारात ‘द’नंतर येते आणि लेखनात आधी. तेव्हा पुढचे चिन्ह पाहिल्यावाचून ‘द’ उमटविता येत नाही.

युनिकोड वापरणाऱ्या आजच्या संगणकातही हा क्रमबदल घडतोच. मात्र तो अक्षरजुळणीच्या यंत्रणेत इतका खोल दडलेला असतो, की विद्यार्थ्याला त्याची चाहूलही लागत नाही. स्पेक्ट्रमवर तो विद्यार्थ्याला स्वतः, एकेक बाइट मोजून करावा लागतो.