परत जाण्यासाठी येणारे

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेवर लिहायचं म्हटलं की लेख हटकून दुर्बिणीकडे वळतो. गिरवलीच्या डोंगरावरची दोन मीटर व्यासाची दुर्बीण, पुणे विद्यापीठाच्या आवारातली चार्ल्स कोरियांची देखणी वास्तू, हे सगळं पाहण्याजोगं आहेच. पण या संस्थेचं खरं बळ मला तिच्या ‘व्हिजिटिंग असोसिएट’ योजनेत दिसतं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली ही संस्था स्थापली तेव्हा यशपाल हे आयोगाचे अध्यक्ष होते, जयंत नारळीकर संस्थापक संचालक झाले. विद्यापीठांत खगोलशास्त्र रुजावं हाच हेतू होता.

योजना साधी आहे. कुठल्याशा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अध्यापकाची तीन वर्षांसाठी निवड होते. पगार त्याच्या कॉलेजचाच. आयुका वेतन देत नाही. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्था उचलते, ग्रंथालय आणि संगणक खुले करते. सुट्टी लागली की त्याने यावं, अडलेलं गणित जाणकारापुढे मांडावं, आणि कॉलेज उघडलं की आपल्या वर्गावर परतावं. हे परतणं मला फार महत्त्वाचं वाटतं. हुशार माणूस कायमचा उचलून आणला, तर त्याच्या गावातल्या मुलांना कोण शिकवणार?

एकटेपणाने संशोधक कसा खचतो हे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी सोसलं होतं. १९५१ मध्ये ते केंब्रिजहून लाहोरला परतले. विषयावर बोलायला कोणी नाही, म्हणून १९५४ मध्ये त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. पुढे १९६४ मध्ये इटलीतल्या त्रिएस्ते इथे त्यांनी केंद्र काढलं, ते विकसनशील देशांतल्या संशोधकांना मायदेशी राहूनच अधूनमधून येता यावं म्हणून. आयुकाने तीच सोय देशातल्या देशात केली.

तिचं फळ २०१७ मध्ये जगाने पाहिलं. सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षं दूर असलेला ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा महासमूह ज्यांनी शोधला, त्यांत आयुकाच्या शास्त्रज्ञांबरोबर जमशेदपूरच्या एनआयटीतले आणि केरळात थोडुपुळाच्या न्यूमन कॉलेजातले अध्यापकही होते.

काळजी वाटते ती वेगळ्याच टोकाची. पुण्यात खोली तयार असली तरी रजेच्या अर्जावर सही प्राचार्यांची लागते. प्रवेश, परीक्षा, उत्तरपत्रिका, नॅक मूल्यांकनाच्या फायली यांत सुट्ट्या कुरतडल्या जातात. त्याहून कठीण म्हणजे, आपल्याकडे निवृत्त प्राध्यापकाची जागा वर्षानुवर्षं भरली जात नाही. तिथे तासिका तत्त्वावर पीएच.डी. झालेली तरुण मुलं शिकवतात. त्यांना मानधन तासावर मिळतं. तास बुडाला की पैसे बुडाले, आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही तेही ठाऊक नसतं. अशा मुलीने तीन वर्षांचं संशोधन कशाच्या भरवशावर आखायचं? मानद पदाला घरचा पगार पक्का लागतो, आणि तो पक्का करणं आयुकाच्या हातात नाही. त्या रिकाम्या जागा सरकारनेच भरायच्या आहेत.