पान किती वेळ ओले होते?

ऑक्टोबरची फळछाटणी झाली की निफाड, दिंडोरी, सटाणा या भागांतील द्राक्षबागांना कोवळी फूट येते आणि तिच्याबरोबर केवडा रोगाची काळजीही येते. उद्या फवारणी करायची की नाही, हा प्रश्न बागायतदार पूर्वी शेजाऱ्याला, कृषी सहायकाला किंवा औषधाच्या दुकानदाराला विचारत असे. आता अनेक जण तो मोबाइलला विचारतात. बागेतील हवामान केंद्र मोजमापे पाठवते आणि पडद्यावर 'केवड्याचा धोका जास्त' अशी सूचना येते. द्राक्ष सल्लागारही हीच सूचना आपल्या पडद्यावर पाहत असतो. मोबाइलला रोग तर दिसत नाही. मग तो हे सांगतो कशाच्या आधारे?

त्यासाठी आधी रोगाची ओळख करून घेऊ. केवडा हा प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोला या सूक्ष्मजीवामुळे होतो. व्यवहारात आपण त्याला बुरशी म्हणतो, पण वर्गीकरणात तो खऱ्या बुरशींपेक्षा तपकिरी शैवालांना अधिक जवळचा आहे. दमट, अंधाऱ्या रात्री रोगट पानाच्या खालच्या बाजूस त्याची बीजाणुधानी तयार होतात. ती वाऱ्याने दुसऱ्या पानावर पडली आणि तेथे पाणी असले, तर त्यांतून शेपट्या असलेले बीजाणू बाहेर पडतात. ते अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात आणि आत शिरतात. पोहायला पाणी हवे. पान त्याआधी वाळले, तर बीजाणू मरतात.

म्हणजे पान किती वेळ ओले राहिले, हा मुख्य प्रश्न आहे. दुसरा प्रश्न तापमानाचा. उबेत हा प्रवास लवकर पुरा होतो, थंडीत त्याला वेळ लागतो. या दोन गोष्टी जोडणारा एक सोपा ठोकताळा रोगशास्त्रज्ञ वापरतात. पान ओले राहिल्याचे तास आणि त्या काळातील सरासरी तापमान यांचा गुणाकार 50 च्या आसपास गेला, की लागण होऊ शकते. तापमान 20 अंश सेल्सिअस असेल तर अडीच तास पुरतात, 12.5 अंशांना चार तास लागतात. सूचना देणारी संगणकप्रणाली मुळात अशीच आकडेमोड करते. तिच्यात आर्द्रता, पाऊस आणि वेलीच्या वाढीची अवस्था यांची भर घातलेली असते.

मात्र प्रत्येक ठोकताळ्याला मर्यादा असतात. 40 अंशांना सव्वा तासातच गुणाकार 50 होतो, पण एवढ्या उष्णतेत या जीवाचे काही चालत नाही. सूत्र कोणत्या तापमानांपुरते खरे आहे, हे सूत्राइतकेच महत्त्वाचे असते. शिवाय परिसरात रोगाचे बीजच नसेल, तर रात्रभर ओले राहिलेले पानही निरोगी राहते.

पान ओले आहे हे यंत्राला कसे कळते? पानासारख्या एका पट्टीवर धातूच्या दोन रेषा कंगव्यांच्या दातांप्रमाणे एकमेकींत गुंतवलेल्या, पण एकमेकींना न टेकणाऱ्या अशा बसवतात. पट्टी कोरडी असताना त्यांच्यामधून वीज जवळजवळ वाहत नाही. दव पडले की पाण्यातून ती थोडी वाहू लागते. यंत्र त्यावरून ओलाव्याचे तास मोजते. खरे तर ते पट्टीचा ओलावा मोजते. तुमच्या वेलीच्या पानाचा नव्हे.

हा फरक लहान नाही. राज्यातील महसूल मंडळांमध्ये महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. पण एका मंडळात अनेक गावे येतात. हिवाळ्यात निफाडचे किमान तापमान नाशिक शहरापेक्षा कमी असल्याचे आपण वृत्तपत्रांत अनेकदा वाचतो. तसेच सखल, पाटाशेजारची बाग आणि माळावरची बाग यांत दव पडण्याची आणि वाळण्याची वेळ वेगळी असते. म्हणून सूचना आली की शेतकऱ्याने पहिला प्रश्न विचारावा: हे मोजमाप कोठले?

निर्णय दोन्ही बाजूंनी महाग पडतो. केवड्यावरची अनेक औषधे बीजाणू आत शिरण्याआधी पानावर असावी लागतात. 1885 मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी याच रोगासाठी पुढे आणलेले मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण असेच काम करते. एक फवारणी चुकली तर घड हातचे जातात. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने नाशिकच्या बागायतदारांना याचा कडू अनुभव दिला. उलट विनाकारण फवारले तर खर्च वाढतो, रोगाची औषधाला सवय होते आणि फळात अंश राहू शकतात. 2006 पासून निर्यातीच्या द्राक्षांची नोंद अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत होते आणि पेटीचा माग बागेच्या प्लॉटपर्यंत काढता येतो. 2010 साली युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले आणि भारतीय द्राक्षांचा माल अडकला. ते केवड्याचे औषध नव्हते. पण वेलीवर मारलेल्या प्रत्येक थेंबाचा हिशेब द्यावा लागतो, हे तेव्हा सर्वांना कळले.

हा विषय वर्गात आणण्यासाठी यंत्राची गरज नाही. हिवाळ्यात संध्याकाळी स्टीलच्या दोन सारख्या ताटल्या ठेवा, एक उघड्या मैदानात आणि दुसरी झाडाखाली. उघड्यावरील ताटली आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तिच्यावर दव अधिक जमते. पण तिच्यावर ऊनही आधी पडते. सूर्योदयापासून दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि ताटली ओली की कोरडी हे मुलांना लिहू द्या. आठ दिवसांच्या नोंदींवरून तास आणि तापमानाचा गुणाकार काढा. रात्रीचे तास यात धरलेले नाहीत, त्यामुळे उत्तर प्रत्यक्षापेक्षा कमी येईल, हेही मुलांकडूनच काढून घ्या.

यांतली काही मुले उद्या बाग सांभाळतील, काही इतरांना सल्ला देतील. पडद्यावर 'धोका जास्त' असे दिसले की काय मोजले, कोठे मोजले आणि हा सल्ला देणाराच औषध विकतो का, एवढे तीन प्रश्न त्यांना सुचले तरी पुष्कळ झाले.